आटपाट नगरातल्या निवडणुकीविषयी

काल्पनिक देश वसवणाऱ्या लेखकांना, नाटककारांना, मालिका रचणाऱ्यांना आणि संगणकावर राज्ये उभारून खेळणाऱ्या मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

तुम्ही वसवलेल्या देशांत मी पुष्कळ हिंडलो आहे. तुमच्या नद्यांची नावे मला पाठ आहेत. राजधानीच्या चौकात कोणाचा पुतळा कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे, तेही सांगता येईल. तुमच्यापैकी एकाने मला वाचायला दिलेल्या हस्तलिखितात त्या देशाच्या टपालाचे दर होते, साध्या पाकिटाचा वेगळा, नोंदणीकृत पाकिटाचा वेगळा. इतक्या निगुतीने देश उभा करणाऱ्या माणसांना तक्रारीचे पत्र लिहायचे जिवावर येते. पण एक प्रकरण आले की तुमचा हात हमखास ढिला पडतो, आणि नेमके तेच पुस्तकातले सगळ्यात मोठे प्रकरण असते. निवडणूक होते आणि सरकार बदलते, ते.

हे प्रकरण मी आता डोळे मिटून लिहू शकतो. जाड मानेचा म्हातारा अध्यक्ष. समोर तरुण विरोधी नेता, अलीकडे बहुतेक वेळा नेती. शेवटची सभा, आणि सभेत पाऊस. मतदानाला लांबलचक रांग, रांगेत काठी टेकत आलेली नव्वदीची आजी. रात्री मोजणी, पहाटे घोषणा, फटाके. पान उलटावे तर नवी नेती खुर्चीत बसून पहिल्या आदेशावर सही करते आहे. आणि म्हातारा? तो पुस्तकातून गेला. स्वतःहून गेला की घालवला, जाताना टेबलाचे खण रिकामे केले की तसेच ठेवले, गाडी सरकारी नेली की मेव्हण्याची मागवली, एक अक्षर नाही.

आपल्या गोष्टींतल्या आटपाट नगरात राजा निपुत्रिक वारला की हत्तिणीच्या सोंडेत माळ देत. ती नगरभर फिरे आणि वेशीपाशी उभ्या असलेल्या एखाद्या फाटक्या वाटसरूच्या गळ्यात माळ घाली. झाला तो राजा. प्रधान, सेनापती, प्रजा, सगळ्यांना मान्य. तुमची निवडणूक अजून त्या हत्तिणीवरच चालली आहे. हत्तिणीच्या जागी तुम्ही जनता आणलीत आणि माळेच्या जागी मतपेटी. गोष्टीत ते खपून जाते, कारण तिथला आधीचा राजा मेलेला असतो. निवडणुकीतला आधीचा राजा जिवंत असतो. तो शेजारच्याच खोलीत असतो, पहारेकरी अजून त्यालाच सलाम करतात, तिजोरीच्या किल्ल्या त्याच्या सचिवाकडे असतात, आणि आपण पडलो ही बातमी बहुधा तुमच्या नायिकेच्या आधी त्याला कळलेली असते. या माणसाचे पुढे काय होते ते लिहा, एवढेच माझे मागणे आहे. बाकीचे पत्र म्हणजे त्या मागणीचा पसारा.

मतमोजणी आणि शपथविधी यांच्यामध्ये तुम्ही जे कोरे पान सोडता, तिथून सुरुवात करतो. ब्रिटनमध्ये १९४५ साली मतदान झाले ५ जुलैला आणि निकाल लागला २६ जुलैला. परदेशात तैनात असलेल्या सैनिकांची मते यायची होती, म्हणून तीन आठवडे पेट्या कुलपात राहिल्या. मधल्या काळात महायुद्धानंतरच्या जगाची व्यवस्था ठरवायला जर्मनीत पॉट्सडॅमची परिषद सुरू झाली. चर्चिल तिथे पंतप्रधान म्हणून गेले आणि मजूर पक्षाचे नेते ॲटली यांनाही बरोबर घेऊन गेले, कारण पेट्यांत काय आहे ते दोघांनाही ठाऊक नव्हते. निकालासाठी दोघेही लंडनला परतले. परिषदेला परत गेले ते ॲटली, आता पंतप्रधान म्हणून. टेबलापलीकडे अमेरिकेचे ट्रुमन तेच, रशियाचे स्टॅलिनही तेच. देशाचा निर्णय होऊन गेला आहे, तो कुलपात पडून आहे, आणि त्या तीन आठवड्यांत जगाची वाटणी सुरू आहे. तुमच्यापैकी कोणी हे लिहिले असते तर ‘फारच जुळवून आणले आहे’ असा शेरा मी समासात मारला असता.

न्यूझीलंडची १९८४ सालची गोष्ट तर तुम्ही मुळातून वाचाच. रॉबर्ट मल्डून पंतप्रधान होते आणि अर्थमंत्रीही तेच. १४ जूनच्या रात्री, पोटात मद्य आहे हे टीव्ही पाहणाऱ्याला सरळ दिसत असताना, त्यांनी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली. बरोबर महिन्याने, १४ जुलैला, ते हरले. डेव्हिड लाँगी यांचा मजूर पक्ष निवडून आला. पण निवडणुकीचे अधिकृत कागद परत येऊन सगळे रीतसर होईपर्यंत सरकार मल्डून यांचेच होते. इकडे नवे सरकार चलनाचे अवमूल्यन करणार या अंदाजाने लोकांनी न्यूझीलंडचे डॉलर विकायचा सपाटा लावला होता आणि परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी चलनाचा बाजार बंद करावा लागला. रिझर्व्ह बँक आणि अर्थखाते म्हणाले, २० टक्के अवमूल्यन करा. जिंकलेले म्हणाले, करा. मल्डून टीव्हीवर म्हणाले, करणार नाही.

आता हा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. हरलेला माणूस खुर्चीत बसलेला आहे, सही करायचा अधिकार फक्त त्याला आहे, आणि एका सहीसाठी अख्खा देश खोळंबला आहे. रस्त्यावर रणगाडे नाहीत, मोर्चे नाहीत. एक हट्टी अर्थमंत्री आणि एक कोरा कागद. त्याला वाकवले ते त्याच्याच मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांनी. उपपंतप्रधान जिम मॅक्ले हे महान्यायवादीही होते. त्यांनी भूमिका मांडली की जाणाऱ्या सरकारने येणाऱ्या सरकारच्या सल्ल्याने वागायचे असते, तो सल्ला पटो अगर न पटो. १८ जुलैला अवमूल्यन झाले. पुढे १९८६ साली तिथे घटनाविषयक नवा कायदा झाला, त्यामागे या चार दिवसांची धास्ती होती.

मला या गोष्टीत सगळ्यात आवडतो तो मॅक्ले. तुमच्या एकाही देशात मला मॅक्ले भेटलेला नाही. हरलेल्या पक्षात तुम्ही दोनच प्रकारची माणसे ठेवता, खलनायक आणि त्याला शेवटच्या क्षणी सोडून नायकाकडे येणारा फितूर. हरलेल्या पक्षातच राहून, पक्षावर निष्ठा ठेवून, ‘आता आपण हरलो आहोत, तेव्हा असे वागता येणार नाही’ असे आपल्याच नेत्याला सांगणारा माणूस तुम्ही लिहीत नाही. सरकारे खऱ्या अर्थाने बदलतात ती अशा माणसांच्या जिवावर, आणि त्यांचे पुतळे कुठल्याच चौकात नसतात.

अंतर किती ठेवायचे ते तुमच्या हातात आहे. मेक्सिकोत २००० साली ७१ वर्षांची एका पक्षाची सत्ता २ जुलैला मतदानाने गेली आणि नवे अध्यक्ष पदावर आले १ डिसेंबरला. अमेरिकेत रूझवेल्ट नोव्हेंबर १९३२ मध्ये निवडून आले आणि मार्च १९३३ मध्ये पदावर बसले. मधल्या चार महिन्यांत बँका एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि जुना अध्यक्ष व नवा अध्यक्ष एकमेकांकडे पाहत राहिले. तिथला शपथविधी पुढे मार्चऐवजी जानेवारीत होऊ लागला. मलेशियात २०१८ साली निकाल लागला आणि त्याच दिवशी रात्री ९२ वर्षांच्या महाथिर यांचा शपथविधी झाला. बेल्जियमने २०१०च्या निवडणुकीनंतर सरकार बनवायला ५४१ दिवस घेतले. एवढा काळ देश चालवला तो काळजीवाहू मंत्र्यांनी. ५४१ दिवसांची कादंबरी कोणी लिहील का? विनोदी झाली तरी चालेल.

आता त्या जाड मानेच्या म्हाताऱ्याकडे येतो. त्याच्याविषयी तुम्ही एक प्रश्न कधीच विचारत नाही. हा जर एवढा हुकूमशहा आहे, तर याने मुळात निवडणूक घेतलीच का? घेतली नसती तर कोण काय करणार होते? तुम्ही निवडणूक घडवता, कारण तुम्हाला ती पुढच्या प्रकरणासाठी हवी असते. त्याला ती का हवी होती, हे तुम्ही त्याला विचारलेले नसते.

खऱ्या जगात याची उत्तरे फार मजेदार आहेत. चिलीमध्ये लष्करी हुकूमशहा पिनोशे यांनी १९८० साली स्वतःच्या सोयीची घटना करून घेतली. तिच्यातच आठ वर्षांनी ‘होय’ की ‘नाही’ असा कौल घ्यायचे कलम होते. ५ ऑक्टोबर १९८८ला ते कलम अंगावर आले आणि सुमारे ५६ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले. त्या रात्री सरकारी आकडे अडखळत येत होते. हवाई दलाचे प्रमुख फर्नांडो मातेई अध्यक्षीय प्रासादात बैठकीला जाताना दारातच पत्रकारांना म्हणाले की ‘नाही’ जिंकले आहे असे आपल्याला दिसते. लष्करी राजवटीतलाच माणूस दारात एक वाक्य बोलून आत गेला, आणि मग आत काय ठरवायचे त्याला फारशी जागा उरली नाही. पिनोशे १९९० साली पायउतार झाले, पण लष्करप्रमुखपद त्यांनी १९९८पर्यंत सोडले नाही. खुर्ची गेली, तलवार राहिली. त्यांच्यानंतरच्या दोन अध्यक्षांनी ती आठ वर्षे कशी काढली असतील, हा विषय मी कोणालाही फुकट द्यायला तयार आहे.

पोलंडमध्ये १९८९ साली कम्युनिस्ट सत्ताधाऱ्यांनी विरोधकांशी वाटाघाटी करून गणित बांधले होते. कनिष्ठ सभागृहातल्या ३५ टक्के जागाच खुल्या, बाकीच्या आपल्या आणि आपल्या मित्रांच्या. शिवाय बड्या ३५ नेत्यांची एक वेगळी यादी, जिच्यासमोर विरोधकच नव्हता. निम्मी मते मिळाली की झाले. तिथे मत द्यायची पद्धत नको असलेले नाव खोडण्याची होती. लोकांनी पेन घेतले आणि नावे खोडत सुटले. ३५ पैकी दोघेच वाचले, पंतप्रधानही गेले. समोर कोणी उभे नसताना पडणे, ही नामुष्की कल्पनेने सुचत नाही. वरिष्ठ सभागृहातल्या १०० पैकी ९९ जागाही विरोधकांकडे गेल्या.

आणि १९७७. आणीबाणी चालू असताना इंदिरा गांधींनी १८ जानेवारीला निवडणूक जाहीर केली. का केली, यावर अजून वाद घालणारे भेटतात. जिंकू असे वाटले होते, जगाला तोंड दाखवायचे होते, मनाला कुठेतरी टोचत होते, प्रत्येकाचे उत्तर निराळे. रायबरेलीत त्या स्वतः पडल्या, अमेठीत मुलगा पडला. पण मला थांबवते ती पुढची गोष्ट. २१ मार्चला आणीबाणी उठवली गेली ती जाणाऱ्या सरकारच्याच सल्ल्यावरून. नवे सरकार अजून यायचे होते, मोरारजी देसाईंचा शपथविधी २४ला झाला. दार लावणाऱ्यांनीच जाता जाता ते उघडले. तुमच्या म्हाताऱ्याच्या हातून असे एखादे कृत्य घडू द्या. त्याने तो सज्जन ठरणार नाही. वाचकाला त्याच्याबद्दल काय वाटून घ्यावे ते कळेनासे होईल, आणि तेच तर हवे आहे.

पराभव मान्य करणे ही एका दिवसाची गोष्ट असते, असाही तुमचा समज दिसतो. गाम्बियात डिसेंबर २०१६ मध्ये याह्या जामे हरले. १९९४ साली बंड करून आलेला माणूस. २ डिसेंबरला त्यांनी टीव्हीवरून पराभव मान्य केला, जिंकलेल्या अदामा बॅरो यांना फोन केला, हसतमुखाने अभिनंदन केले. सगळे थक्क झाले. मग मोजणीतली चूक सापडली, मताधिक्य कमी झाले, निकाल मात्र तोच राहिला. ९ डिसेंबरला जामे म्हणाले, मला हा निकाल मान्य नाही. आठवडाभरात त्या माणसाच्या मनात काय झाले असेल? रात्री जेवताना कोणी काय म्हटले असेल? बॅरो यांना शपथ घ्यावी लागली ती १९ जानेवारीला शेजारच्या सेनेगलमध्ये, आपल्याच देशाच्या वकिलातीत. शेजारी देशांच्या फौजा आल्या तेव्हा कुठे जामे यांनी गाशा गुंडाळला. तुमची नायिका शपथ घेते ती नेहमी राजधानीच्या मोठ्या मैदानावर. परक्या शहरातल्या वकिलातीत, मोजक्या लोकांसमोर, आपल्या देशात पाय ठेवता येईल की नाही हे ठाऊक नसताना घेतलेली शपथ लिहून पाहा.

उलट बाजूही विसरू नका. झांबियात केनेथ कौंडा २७ वर्षांच्या सत्तेनंतर १९९१ साली हरले आणि पायउतार झाले. ब्रह्मदेशात १९९० साली विरोधी पक्षाने ३९२ जागा जिंकल्या आणि लष्कराने ती संसद कधी भरूच दिली नाही. म्हणजे तुमची कादंबरी निकालाच्या दिवशी अजून कुठेही जाऊ शकते. तुम्ही मात्र त्या दिवशी तिला थेट मुक्कामावर नेऊन सोडता.

गाम्बियाचा विषय निघालाच आहे तर तिथली मतदानाची रीत सांगतो, कारण तुमच्या देशांतल्या मतपेट्या सगळ्या एकसारख्या असतात. तिथे मतपत्रिका नव्हती. मतदाराच्या हातात एक काचेची गोटी. उमेदवारांचे वेगवेगळ्या रंगांचे पिंप, पिंपावर फोटो. गोटी नळीतून आत टाकली की आतली घंटा वाजते. एकदाच वाजली पाहिजे, दोनदा वाजली तर बाहेर बसलेल्या अधिकाऱ्याला कळते. म्हणून मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकलींना बंदी, घंटीचा घोटाळा नको. मोजताना गोट्या भोके पाडलेल्या फळ्यांवर ओतायच्या, फळी भरली की आकडा कळला. निरक्षर मतदारांसाठी काढलेली ही युक्ती. आता तुमच्या खलनायकाला या पद्धतीत गडबड करायची असेल तर तो काय करील? विचार करायला लागलात ना? पद्धत ठरवली की गोष्ट आपोआप चालायला लागते.

नोकरीच्या काळात मला निवडणुकीची ड्युटी बरेचदा लागली. मतदान संपल्यावर एकदा दिलेल्या मतपत्रिका आणि यादीवरच्या खुणा यांचा मेळ एकाने चुकत होता. एका मताने कोणाचे सरकार येणार वा जाणार नव्हते. तरी आम्ही पाच माणसे कंदिलाच्या उजेडात यादी तीनदा वाचत बसलो, आणि शेवटी दोन पाने चिकटलेली निघाली. तुमच्या देशात लोकशाही आहे असे तुम्ही मला सांगता तेव्हा मी ती पाच माणसे शोधतो. ती सापडत नाहीत. सापडतो तो फक्त निकाल जाहीर करणारा, करड्या आवाजाचा अध्यक्ष.

मलावीत २०१९च्या निवडणुकीच्या निकालपत्रांवर व्हाइटनर फिरवलेला निघाला. साधा, कार्यालयात असतो तो व्हाइटनर. प्रकरण न्यायालयात गेले, सुनावणी महिनोन्‌महिने चालली. ३ फेब्रुवारी २०२०ला न्यायाधीश निकाल द्यायला आले ते लष्करी वाहनातून. त्यांनी निवडणूकच रद्द केली, जूनमध्ये फेरनिवडणूक झाली आणि विरोधी पक्षाचे लाझारस चकवेरा अध्यक्ष झाले. तुमच्या कादंबऱ्यांत पेट्या जाळतात, नदीत फेकतात, गुंड येतात. व्हाइटनर कोणालाच सुचला नव्हता.

गणिताबद्दल थोडक्यात. तुमच्या देशात पक्षाला ६० टक्के मते मिळतात आणि ६० टक्के जागा. असे होत नाही हो. लेसोथोत १९९८ साली एका पक्षाला सुमारे ६० टक्के मते आणि ८० पैकी ७९ जागा मिळाल्या. लोक रस्त्यावर आले, राजधानीची होळी झाली आणि पुढे निवडणूक पद्धतच बदलावी लागली. ब्रिटनमध्ये १९५१ साली मजूर पक्षाला मते जास्त पडली आणि सरकार आले हुजूर पक्षाचे. दक्षिण आफ्रिकेत १९४८ साली कमी मते मिळवलेला पक्ष सत्तेवर आला आणि वर्णभेदाची राजवट बसली. कॅनडात १९९३ साली सत्ताधारी पक्षाला १६ टक्के मते मिळाली आणि जागा दोन. दोन. मतदारसंघांचा नकाशा आधी काढा, मग टक्के वाटा. नद्यांचे नकाशे काढता तसाच.

आणि ती जनता. ‘जनतेने कौल दिला’ असे वाक्य आले की मी पेन्सिल उचलतो. घानामध्ये २००८च्या दुसऱ्या फेरीत जॉन आटा मिल्स यांना ५०.२३ टक्के आणि नाना अकुफो-आडो यांना ४९.७७ टक्के मते पडली. सगळ्या देशाची मोजणी झाली तरी फैसला होईना, कारण ताइन नावाच्या एका मतदारसंघात मतदानच झालेले नव्हते. ते २ जानेवारीला झाले आणि सगळा देश त्या एका मतदारसंघाकडे डोळे लावून बसला. अशा देशात दुसऱ्या दिवशी सकाळी कोण कोणाशी काय बोलते? एकाच घरात एकाने इकडे आणि एकाने तिकडे मत दिलेले असते. तुमच्या फटाक्यांच्या प्रसंगात हरलेल्या बाजूचे मतदार असतात कुठे? निम्मा देश तुम्ही घरात कोंडून ठेवता आणि उरलेल्या निम्म्याला जनता म्हणता. हरलेल्याला मनापासून मत दिलेला एक शहाणा, भला माणूस मला तुमच्या पुस्तकात भेटवा. त्याला मूर्ख करू नका, विकला गेलेला करू नका. त्याची कारणे त्याला सांगू द्या. (अकुफो-आडो यांनी पराभव मान्य केला. आठ वर्षांनी, २०१६ साली, ते निवडून आले. हरणे म्हणजे मरणे नव्हे, हे ठाऊक असलेल्या देशात म्हातारे अध्यक्षही जरा सैल वागतात, असा माझा अंदाज आहे.)

शेवटी कचेरी. सरकार बदलते तेव्हा शिपाई, कारकून, सचिव बदलत नाहीत, आणि त्यांच्या टेबलांवर दोन सरकारे एकमेकांना ओलांडून जातात. ब्रिटनमध्ये २०१० साली अर्थखात्याचे जाणारे मंत्री लियम बर्न यांनी येणाऱ्या मंत्र्यासाठी चिठ्ठी ठेवली, की पैसे शिल्लक नाहीत. तशी चिठ्ठी ठेवायची चाल जुनीच आणि थट्टाही खासगीतलीच, पण नव्यांनी ती जगजाहीर केली आणि पुढे कित्येक वर्षे ती बर्न यांच्या पक्षाच्या मानगुटीवर बसली. अमेरिकेत २००१ साली क्लिंटन यांची माणसे गेली आणि बुश यांची आली तेव्हा काही संगणकांच्या कळफलकांवरून ‘डब्ल्यू’ अक्षराच्या कळा गायब होत्या, कारण बुश यांच्या नावातले मधले अक्षर ते. त्याची रीतसर सरकारी चौकशीही झाली. त्याआधी आठ वर्षे, १९९३च्या जानेवारीत, थोरले बुश क्लिंटन यांच्यासाठी टेबलावर पत्र ठेवून गेले होते. आता तुमचे यश ते देशाचे यश, अशा अर्थाचे. त्याच इमारतीत आठ वर्षांच्या अंतराने ते पत्र आणि त्या उपटलेल्या कळा. माणसे तीच आणि खोल्याही त्याच.

आणखी एक गोष्ट सांगतो आणि आटपतो. ब्रिटनचा नवा पंतप्रधान पदावर आला की त्याला चार पत्रे स्वतःच्या हाताने लिहावी लागतात. अण्वस्त्रे वाहणाऱ्या चार पाणबुड्या आहेत, प्रत्येकीवर एक. देश नष्ट झाला आणि आदेश द्यायला कोणीच उरले नाही तर पाणबुडीच्या कप्तानाने काय करायचे, ते त्या पत्रात असते. पाकीट बंद करून पाणबुडीच्या तिजोरीत ठेवतात. तो पंतप्रधान गेला की ही पत्रे न उघडता नष्ट करतात आणि नव्याची ठेवतात. म्हणजे निवडून आल्याचे हारतुरे अजून उतरलेले नाहीत, बाहेर लोक ओरडत आहेत, आणि हा माणूस आतल्या खोलीत एकटा बसून आपण सगळे मेल्यानंतरचे पत्र लिहितो आहे. आधीच्याने काय लिहिले होते ते त्याला कधीच कळणार नाही. तुमच्या नायिकेला पहिल्या दिवशी सही करायला जो आदेश तुम्ही देता, त्याच्या जागी असले काहीतरी द्या. तिच्या आधीचा म्हातारा मागच्या दाराने गाडीत बसत असेल तेव्हा त्यालाही आपले पत्र आठवू द्या.

कळावे, लोभ असावा.

तुमच्या देशांचा कायमचा रहिवासी,
एक वाचक

ता. क. टपालाचे दर देणाऱ्या लेखकास : तुमच्या देशात टपाली मतदान आहे असे पान उलटताना दिसले. ऑस्ट्रियात २०१६ साली अध्यक्षपदाची दुसरी फेरी न्यायालयाने रद्द केली आणि फेरमतदान २ ऑक्टोबरला ठरले. ते पुढे ढकलून ४ डिसेंबरला घ्यावे लागले, कारण टपाली मतांच्या पाकिटांचा डिंक सुटत होता. तुमची पाकिटे एवढी स्वस्त आहेत, तेव्हा एकदा चिकटवून पाहा.